गरीचं रीळ, मिठाचा थर आणि वीस रुपयांची स्प्रिंग

रील म्हटलं की हल्ली सगळ्यांना मोबाईलमधली रील आठवते. मी बोलतोय ते गरीच्या काठीला लावायचं रीळ. कुणी त्याला रील म्हणतं, कुणी मशीन म्हणतं. मी आपलं रीळ म्हणतो, दोऱ्याचं असतं तसं.

एरवी मी इथे रस्ता, जेटी, नळपाणी योजना, ग्रामसभा असलं लिहितो. आज रिळावर लिहितोय म्हणून काहींना वाटेल पत्रकार सुट्टीवर गेला. तसं नाही. हा विषय घरातल्या स्क्रू ड्रायव्हरपासून सुरू होतो आणि दिल्लीतल्या एका यादीपर्यंत जातो. मधला भाग ज्यांच्या घरात रीळ आहे त्यांच्या थेट कामाचा आहे. लांब आहे, पण वाचा.

गरीची मासेमारी आपल्याकडे नवी नाही. हातात तंगूस, टोकाला गळ आणि शिसं, एवढ्यावर आपल्या आधीच्या पिढ्यांनी तांबोशी आणि गोबरे काढले. काठी आणि रीळ गेल्या पंधरा-एक वर्षांत घराघरात आलं. आज देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खडपावर संध्याकाळी जा, चार-पाच जण काठी घेऊन उभे दिसतील. त्यातले काही हौशी, शनिवार-रविवारी कोल्हापूर-बेळगावहून येणारे. पण सगळे हौशी नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बोटीवर खलाशी म्हणून जाणारी पोरं तेव्हा घरी असतात. खाडीच्या तोंडावर एखादा चांगला चोनाक लागला तर तो थेट हॉटेलात जातो, रोख पैसे मिळतात. अशा घरात रीळ बंद पडणं म्हणजे त्या महिन्याचं किराणा-बिल अडणं.

माझ्या शेजारचा पोरगा त्यातलाच. वय पंचविशीच्या आत. गेल्या वर्षी मे महिन्यात रीळ घेऊन पडवीत आला. मला रिळं उघडायचा नाद आहे हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

"दादा, ह्या जरा बघा. फिरवला काय खरखरता."

मी विचारलं, कधी धुतलं होतंस?

तो माझ्याकडे बघत राहिला. "ह्या धुवचा लागता?"

त्याला हसू नका. रीळ विकणाऱ्या दुकानात ही गोष्ट कुणी सांगत नाही. खोक्यात कागद असतो, तो इंग्रजीत किंवा जपानीत, बारीक अक्षरात. त्याने आधी ते रीळ कुरिअरने कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत निरोप: या मॉडेलचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाही. नवीन रीळ हप्त्यावर घ्यायचा त्याचा विचार चालला होता.

आम्ही ते पडवीत उघडलं. आत गिअर शाबूत होते, दाते जागच्या जागी. खराब झालं होतं एक बोटाच्या पेराएवढं बेअरिंग, आणि जुनं ग्रीस साबणासारखं पांढरं झालं होतं. बेअरिंग आणि ग्रीस मिळून दोनशेच्या आत काम झालं. तेच रीळ त्याने या वर्षीही वापरलंय.

रीळ बिघडतं कशामुळे, ते आधी समजून घेऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. रिळावर उडालेलं पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. आता आपल्या घरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात कितीही घट्ट झाकण लावा, मीठ ओलं होतंच, कारण ते हवेतली वाफ ओढून घेतं. रिळाच्या आत सुकलेलं मीठही तेच करतं. म्हणजे तुम्ही रीळ कपाटात कोरडं ठेवलं असं समजता, आणि आत बेअरिंगला रोज थोडं थोडं खारं पाणी लागत असतं. रीळ वापरताना जेवढं झिजतं त्याच्या कितीतरी पट न वापरता झिजतं.

दुसरी गोष्ट. बऱ्याच रिळांची बॉडी ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये खारं पाणी, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो. मग जोर लावला की स्क्रूचं डोकं तरी जातं नाहीतर आटे तरी.

गंज म्हणजे किरकोळ बाब असं मालवणात तरी कुणी म्हणू नये. राजकोटवरच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कोसळण्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इथल्या अभियंत्याचं पत्र गेलं होतं, की पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने नट-बोल्ट गंजलेत. पुतळा का पडला याची कारणं अनेक सांगितली गेली, तो आजचा विषय नाही. पण खाऱ्या वाऱ्याबद्दलचं ते वाक्य मी विसरलेलो नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला बातमी कशी ओळखायची ते शिकवलं होतं. उद्घाटन बातमी असते, अपघात बातमी असते. मधल्या काळात कुणी ग्रीस लावलं की नाही, ही बातमी होत नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तीच खरी बातमी असायला हवी.

आता कामाचं.

रोजची देखभाल पाच मिनिटांची आहे. मासे पकडून घरी आलात की जेवायच्या आधी हे करा. नंतर होत नाही, आणि मासे साफ करायच्या नादात तर अजिबात होत नाही.

स्पूलच्या वर जो फिरवायचा नॉब असतो तो ड्रॅग. मोठा मासा ओढायला लागला की तंगूस तुटू नये म्हणून रीळ ठरावीक ताणाला दोरी सोडतं, ते काम या नॉबखालच्या चकत्या करतात. धुण्याआधी हा नॉब पूर्ण घट्ट करा, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी जाणार नाही. मग नळाची धार बारीक ठेवून रीळ वरून धुवा. बादलीत बुडवायचं नाही. गाडी धुतात तसा पाइपचा जोरही लावायचा नाही, जोराने बाहेरचं मीठ आत ढकललं जातं. सुती कपड्याने पुसा, सावलीत सुकवा. सुकल्यावर ड्रॅगचा नॉब सैल करून ठेवा. घट्ट ठेवला तर चकत्या दबून चपट्या होतात आणि पुढच्या वेळी दोरी झटके देत सुटते.

सुकल्यावर तेलाचे तीन-चार थेंब. एक हँडलच्या मुठीत, एक-एक बेलच्या दोन्ही सांध्यांना (बेल म्हणजे दोरी धरणारी ती तारेची कमान), आणि एक लाइन रोलरला. लाइन रोलर म्हणजे कमानीच्या टोकाची ती छोटी चकरी, जिच्यावरून दोरी वळून स्पूलवर येते. रिळातली सगळ्यात दुर्लक्षित जागा हीच. ही चकरी अडकली की दोरी तिच्यावर घासत राहते आणि हळूहळू कापली जाते. मासा सुटला की आपण तंगुसाला शिव्या देतो, महागातली दोरी आणतो, तीही तुटते. आधी बोटाने ती चकरी फिरते का ते बघा.

तेल कुठलं? शिलाई मशीनचं चालतं. पातळ असतं, कुठल्याही गावात मिळतं. खोबरेल घालू नका. आपल्या घरात हाताशी तेच असतं म्हणून बरेच जण घालतात, पण डिसेंबरच्या पहाटे खोबरेल थिजतं ते बाटलीत आपण बघतोच. बेअरिंगमध्येही तेच होतं, वर ते चिकट होऊन वाळू धरतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा गंज सोडवायचा स्प्रेही रोजच्या वापराचा नाही. जाम स्क्रू सोडवायला तो उत्तम. पण रिळाच्या आत मारला तर असलेलं ग्रीस धुऊन काढतो. दोन दिवस रीळ छान फिरतं आणि मग पहिल्यापेक्षा वाईट होतं.

पूर्ण उघडून साफ करायचं काम वर्षातून एकदा, खाऱ्या पाण्यात रोज जात असाल तर दोनदा. त्याआधी दोन सूचना. रीळ वॉरंटीत असेल तर उघडू नका, वॉरंटी जाऊ शकते. आणि पूर्ण सीलबंद रीळ असेल तर आतला भाग घरी उघडू नका, सील पुन्हा तसं बसत नाही. बाकीची साधी रिळं घरी होतात.

सामान फार लागत नाही. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर (बरोबर बसणारा, जवळपास बसणारा नाही), जुना टूथब्रश, कानातले कापसाचे बोळे, फाटका बनियन, अंड्यांचा रिकामा ट्रे आणि मोबाईल. ट्रे आणि मोबाईल सगळ्यात महत्त्वाचे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो काढा. काढलेला भाग ट्रेच्या पहिल्या खळग्यात, पुढचा दुसऱ्यात, असं क्रमाने ठेवत जा. जोडताना उलट दिशेने यायचं. खाली जुनी चादर अंथरा. वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर बारीक वॉशर दिसत नाही (वर्तमानपत्रवाल्यानेच सांगितलं म्हणून लक्षात ठेवा).

आधी ड्रॅगचा नॉब काढून स्पूल काढा. मग हँडल. एखादा नट सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दिशा बघा, काही रिळांत उलटे आटे असतात. मग बाजूच्या झाकणाचे स्क्रू. झाकण उचललं की मुख्य गिअर समोर दिसतो. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. गिअर उचला, जुनं ग्रीस ब्रशने आणि बोळ्याने काढा. गिअरच्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. त्या ग्रीसला चिकटून निघतात आणि फडक्याबरोबर फेकल्या जातात. एक शिम हरवली की गिअर नीट बसत नाही आणि रीळ घरघरायला लागतं. कमानीची स्प्रिंग काढायची असेल तर हात पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालून काढा. ती उडते, आणि एकदा उडाली की सापडत नाही.

धातूचे भाग थोड्या रॉकेलमध्ये साफ होतात. रॉकेल मिळत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे असतं. काम उघड्यावर करा, जवळ चूल-विडी नको. प्लास्टिकचे भाग साबणाच्या पाण्यातच. काळं झालेलं रॉकेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या जळक्या तेलात द्या.

सगळं सुकल्यावर गिअरच्या दात्यांना ग्रीसचा पातळ थर. मरीन ग्रीस घ्या, आउटबोर्ड इंजिनवाले वापरतात ते, खाऱ्या पाण्याने सहज धुपत नाही. थापायचं नाही, बोटाने पुसल्यासारखं लावायचं. गिअरला ग्रीस, बेअरिंगला तेल, हे लक्षात ठेवा. स्क्रूच्या आट्यांनाही किंचित ग्रीस लावा, पुढच्या वर्षी ते स्क्रू तुमचे उपकार मानतील.

एका जागी मात्र ग्रीस अजिबात नको. हँडल उलटं फिरू नये म्हणून आत एक क्लच असतो. सायकलचं फ्रीव्हील आठवा, पुढे फिरवलं तर चाक फिरतं, मागे फिरवलं तर नुसतं सुटं फिरतं. कल्पना तीच, एकाच दिशेने पकडायचं. गंमत म्हणजे आज रिळांसाठी जगभर ओळखली जाणारी शिमानो ही जपानी कंपनी १९२१ मध्ये सायकलचं फ्रीव्हील बनवण्यासाठीच सुरू झाली होती, रिळं ती १९७० पासून बनवायला लागली. रिळातल्या या क्लचमध्ये बारीक रोलर असतात. त्यांना ग्रीस लागलं की ते घसरतात, पकडत नाहीत, आणि मोठा मासा लागला की हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं. तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब, बस.

दुखणं कुठे आहे ते आवाजावरून कळतं. खरखर येत असेल तर बहुधा बेअरिंग. फेऱ्यात एकाच जागी टक् टक् होत असेल तर गिअरचा दाता. हँडल मागे सरकत असेल तर क्लच. दोरी झटक्याने सुटत असेल तर ड्रॅगच्या चकत्या. बेअरिंग गेलं असेल तर घाबरू नका. त्याचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजा, म्हणजे समजा ७, १४ आणि ५. हे आकडे घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. बेअरिंगची मापं जगभर ठरलेली असतात. त्यावर कंपनीचा शिक्का असायची गरज नाही. शेजारच्या पोराचं रीळ दोनशेच्या आत सुटलं ते याच कारणाने.

आणि इथेच माझा मुद्दा सुरू होतो.

आमच्या वाडीपासून थोडं पुढे एक काका राहतात. साठी ओलांडलेली, आयुष्य बोटीवर गेलं. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून बोट बंद, डॉक्टरांनी सांगितलं ओझं उचलायचं नाही. मुलाने त्यांना काठी आणि रीळ घेऊन दिलं. रोज संध्याकाळी खाडीवर बसतात. कधी पालू, कधी काळुंदर, घरापुरतं आणतात. पैशापेक्षा दुसरं काही असेल त्यात. चाळीस वर्षं ज्या माणसाने घरात मासळी आणली त्याच्या हातात रिकामी पिशवी बरी दिसत नाही, असं ते एकदा म्हणाले.

त्यांच्या रिळाची कमानीची स्प्रिंग तुटली. रीळ धुतलेलं, पुसलेलं, बोटीवरच्या माणसाला मीठ काय करतं ते शिकवावं लागत नाही. आत एक डागही नव्हता. फक्त ती स्प्रिंग. वीस रुपयांचाही माल नसेल. पण ती बेअरिंगसारखी कुठेही मिळणारी नाही, तिचा आकार त्या मॉडेलपुरताच. दुकानदाराने कंपनीला विचारलं. मॉडेल बंद झालंय. मी मुंबईत दोन ठिकाणी विचारलं. नाही. बॉलपेनची स्प्रिंग लावून बघितली, तिच्यात तेवढा जोर नाही. शेवटी काकांनीच उपाय काढला. सायकलच्या ट्यूबची रबरी चकती कापली आणि कमानीला अडकवली. प्रत्येक वेळी दोरी टाकताना ती काढायची, टाकून झाली की परत बसवायची. अजून तसंच चाललंय. सगळं चांगलं असलेलं रीळ एका स्प्रिंगसाठी भंगारात कसं टाकू, असं ते विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही.

पूर्वी आपल्याकडे दुरुस्ती हा मासेमारीचाच भाग होता. सुती जाळ्यांच्या काळात ती टिकावी म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. होड्यांना मासळीचं तेल लावत. पावसाळा म्हणजे जाळी विणायचा, होडी बघायचा काळ, नारळी पौर्णिमेला समुद्रात जायचं ते सगळं नीट करूनच. ज्याची वस्तू त्याला ती उघडता येत होती आणि लागणारा माल गावात होता. आता आपण वापरतो त्या वस्तू हुशार आहेत, पण त्यांची चावी आपल्याकडे नाही. आज रीळ आहे, उद्या फिश फाइंडर, जीपीएस, आउटबोर्ड इंजिन. रिळाला काही हजार जातात, इंजिनाला लाखात.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. विकलेल्या वस्तूचे सुटे भाग मिळावेत, दुरुस्तीची माहिती मिळावी, बाहेरच्या कारागिराकडूनही दुरुस्ती करता यावी, असा त्यामागचा विचार. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. सुरुवातीला चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, आणि वाहनं. परत वाचा. शेतीची अवजारं आहेत. मासेमारीची साधनं असं वेगळं नाव नाही.

आता याला दुसरी गोष्ट जोडा. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्याची बातमी मीही केली, पेढे वाटले गेले, फलक लागले. वीज, कर्ज, विमा यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण मच्छीमार जर शेतकऱ्याच्या बरोबरीचा, तर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला सुट्या भागाचा जो हक्क मागता येतो तो मच्छीमाराच्या इंजिनाला, जीपीएसला, आणि हो, रिळालाही का नसावा? हा प्रश्न मी अजून कुठल्याही व्यासपीठावर ऐकलेला नाही. म्हणून इथे लिहितोय.

यात आपण काय करू शकतो? रीळ घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: याचे सुटे भाग मिळतात का, आणि भागांचा नकाशा खोक्यात आहे का. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदार पुढे विचारेल. बिल घ्या आणि जपून ठेवा, 'बिलाशिवाय दोनशे कमी' याला भुलू नका. वॉरंटीच्या काळात कुणी दाद देत नसेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा. तक्रार नोंदली गेली नाही तर कागदावर प्रश्नच नसतो.

मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेल, बर्फ, जाळी यांच्यासोबत बेअरिंग, मरीन ग्रीस आणि नेहमी लागणाऱ्या स्प्रिंगा ठेवायला फार भांडवल लागत नाही. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये लेथ आहेत, शिकणारी मुलं आहेत. स्प्रिंग वळायला आणि छोटा गिअर कापायला शिकणं त्यांच्या अभ्यासाबाहेरचं नाही. मे महिन्यात बोटी वर काढायच्या सुमाराला दोन दिवसांचं प्रात्यक्षिक ठेवलं तर निम्म्या तालुक्याची रिळं आणि कदाचित काही इंजिनंही मार्गी लागतील. हे मी आमदार-खासदारांच्या कार्यालयात आणि मत्स्यव्यवसाय खात्यात लेखी देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कळवा. सहीसोबत तुमच्याकडे कुठलं साधन कुठल्या भागासाठी अडलंय ते एका ओळीत लिहा. 'आमच्याकडे दुर्लक्ष होतंय' या वाक्याने काही हलत नाही. पन्नास साधनांची यादी टेबलावर ठेवली तर उत्तर द्यावं लागतं.

दोन छोट्या विनंत्या. गुंता झालेला तंगूस खडपावर टाकून येऊ नका, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात आणि तो कुजत नाही. आणि बाद झालेलं रीळ भंगारात देऊ नका. एका मेलेल्या रिळातून दुसऱ्या दोन जिवंत होतात. माझ्या पडवीत त्यासाठी एक खोकं ठेवलंय, आणून टाका.

त्या खोक्यात मी काकांच्या मॉडेलची स्प्रिंग शोधतोय. चार हजार नंबरचं, जुनं, बाजूला हिरवी पट्टी असलेलं रीळ कुणाच्या माळ्यावर पडलेलं असेल तर जरूर सांगा. बाकी सगळं गंजलेलं असलं तरी चालेल.